आई ऐंशीची, घरात एकोणीस

आईचा ऐंशीवा वाढदिवस बुधवारी येत होता. आता बुधवार हा काही वाढदिवसाचा वार नव्हे. दादाची बुधवारी मीटिंग असते, ताईची गुरुवारची तयारी असते, आणि भावोजींचं बुधवारी काय असतं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही, पण काहीतरी असतंच. तेव्हा नंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे जमायचं ठरलं. माझ्याकडे, कारण आई माझ्याकडे असते. शिवाय मी धाकटा. धाकट्याचं घर म्हणजे आमच्यात बिनभाड्याचं कार्यालय.

कोणता शनिवार, यावर सहा आठवडे खल चालला. त्यासाठी ताईने मोबाइलवर 'गुपित ८०' नावाचा ग्रुप काढला आणि आईला सुगावा लागू द्यायचा नाही, अशी पहिल्याच मेसेजात तंबी दिली. मग त्या ग्रुपवर आम्ही जे भांडलो! एकोणीस माणसांत दोघादोघांच्या १७१ जोड्या होतात, असं पुतण्याने हिशेब करून सांगितलं होतं. माझ्या अंदाजाने त्यातल्या शंभरेक तरी त्या दीड महिन्यात भांडून मोकळ्या झाल्या. मुख्य वाद भेटीवरून. दादाला पाय दाबून देणारी विजेवरची खुर्ची द्यायची होती. भावोजींचं म्हणणं, ती दारातून आत यायची नाही. दादाने खुर्चीची मापं टाकली. भावोजींनी दाराची मागितली. रात्री अकरा वाजता मी टेप घेऊन स्वतःचंच दार मोजत होतो, तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली.

"काय रे?"

"काही नाही गं, दार बघतोय."

"बघ," म्हणाली आणि झोपायला गेली.

मुलगा मध्यरात्री दाराशी वाकून काहीतरी मोजतोय आणि ऐंशी वर्षांच्या आईला दुसरा प्रश्न पडत नाही, यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मी टेप गुंडाळली. दार अडीच फूट होतं. खुर्ची अडीच फूट आणि वर दोन बोटं. दादाने लिहिलं, "दोन बोटांचं काय एवढं!" आणि खुर्ची मागवली.

शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळे आले. अकरा गाद्या, चौदा उशा, दोन बाथरूम. झोपायच्या जागांचा तक्ता बायकोने केला होता, त्यात माझं नाव जेवणाच्या टेबलाखाली होतं. शनिवारच्या सकाळविषयी फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की सव्वासातला भावोजी आत गेले आणि आठला बाहेर आले तेव्हा दाराबाहेर सहाजण टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते, आणि भावोजी त्यांना "सुप्रभात" म्हणाले.

आता आईच्या कानांविषयी सांगायला हवं. गेली काही वर्षं तिला कमी ऐकू येतं. वयानुसार आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. म्हणजे 'स', 'श', 'फ' असली अक्षरं पुसट होतात आणि आ-ओ-ए तेवढे पोचतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ओरडूनही उपयोग नाही, कारण ओरडल्याने आ-ओ-एच मोठे होतात. समोर बसून सावकाश बोला आणि एका वेळी एकानेच बोला, असं डॉक्टरांनी सांगितलंय. यातलं दुसरं पथ्य आमच्या घरात पाळलं गेल्याची नोंद नाही. कानामागे लावायचं यंत्र आहे. पण एकोणीस माणसांच्या गलक्यात ते तरी काय करणार? नातीची गुजगोष्ट आणि चालू मिक्सर, दोन्ही ते सारख्याच भक्तिभावाने मोठं करतं.

संध्याकाळी मनोगतं झाली. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं ठरलं होतं. दादा थोरला, म्हणून त्याची दोन मिनिटं बावीस मिनिटांची होती. "आईने आमच्यासाठी फार सोसलं," असं तो नऊ वेळा म्हणाला. आईपर्यंत ते "आर ओअलं" असं काहीतरी पोचत असणार. माझी खुर्ची तिच्या शेजारीच होती. तिसऱ्या मिनिटाला तिचा हात केस सारखे करायला म्हणून कानामागे गेला. नखाने यंत्राचं इवलंसं दार उचललं. बारीक 'कट्' झालं. ते दार उघडलं की बॅटरी सुटते आणि यंत्र बंद पडतं. आईच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली, ती मी घरात बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मान मात्र ठेक्यात डोलत राहिली, आणि दादाचा कंठ दाटून आला.

मग केक. आकड्यांच्या मेणबत्त्या धाकट्या नातीने लावल्या, पण टेबलाच्या पलीकडून. त्यामुळे आमच्या बाजूने ऐंशी आणि आईच्या बाजूने ०८. कुणीतरी ते तिला हातवारे करून दाखवलं. "चालेल," आई म्हणाली.

आई फुंकर घालणार, तोच भाची मध्ये आली. ती जिवाणूशास्त्र शिकते. २०१७ साली अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात म्हणे हा प्रयोग झाला. मेणबत्त्या फुंकलेल्या आयसिंगवर न फुंकलेल्यापेक्षा सरासरी १४०० टक्के जास्त जिवाणू सापडले. माणसागणिक फरकही खूप होता, कुणाच्या फुंकरीत फारसं काही नाही, कुणाच्या फुंकरीत ही जत्रा. हे ऐकल्यावर सगळ्यांनी एकदम भावोजींकडे का पाहिलं, मला माहीत नाही. शेवटी पुठ्ठ्याने वारा घालून मेणबत्त्या विझवायचं ठरलं. पुठ्ठा शोधायला तिघं गेले. तेवढ्यात धाकट्या नातीने टेबलावर चढून दोन्ही मेणबत्त्या फुंकल्या, थुंकीसकट.

फोटोची जबाबदारी पुतण्याची. तो तिपाई घेऊनच आला होता आणि सोबत एक सूत्रही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांना २००६ साली गणितातलं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं, ते याच प्रश्नासाठी: सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी फोटो हवा तर किती फोटो काढायचे? माणसं विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. आम्ही एकोणीस, म्हणजे सात फोटो. हे समजावून होईपर्यंत दादा शर्ट बदलायला गेला. वहिनी तो शर्ट बदलायला लावायला गेल्या. दोघं परतेपर्यंत ऊन गेलं आणि भागाकार दोनवर आला. आता दहा फोटो.

दहा काढले. पापणी लवेल या धास्तीने आम्ही डोळे असे वटारले होते, की पाहणाऱ्याला वाटावं, समोरून ट्रक येतोय. दहाव्या फोटोत अठराच्या अठरा जणांचे डोळे टक्क उघडे. आणि मधोमध आई, हनुवटी छातीवर, गाढ झोपलेली. पुतण्याचं म्हणणं, सूत्र चुकलेलं नाही. सूत्रात पापण्या लवणं धरलंय, डुलकी धरलेली नाही.

खुर्ची रविवारी दुपारी आली आणि दोन बोटांनी अडली. चौकट काढावी, खुर्चीचे हात काढावेत, आडवी करावी, तिरपी करावी, सगळं करून पाहिलं. भावोजी एक शब्द बोलले नाहीत. नुसते चौकटीला टेकून उभे होते. काही माणसांचं मौन लाउडस्पीकरवरून येतं.

संध्याकाळी सगळे गेले. बायकोने गाद्या मोजल्या. दहा भरल्या. अकरावी कोण घेऊन गेलं, हे अजून कळलेलं नाही. खुर्ची दाराबाहेर होती आणि आई तिच्यात बसून पाय दाबून घेत होती, उंबऱ्यावरून आत आणलेल्या वायरवर. चष्मा लावून मोबाइलवर एका बोटाने काहीतरी टिपत होती. मी समोर जाऊन, सावकाश विचारलं, "आई, दमलीस का?"

"थांब जरा," ती म्हणाली.

माझा फोन वाजला. 'गुपित ८०'वर मेसेज होता.

"सगळे पोचलात का? खुर्ची छान आहे. जावई दाराचं बरोबर बोलले होते. पुढच्या वेळी बुधवारी या."

मी ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडली. ताईने घरातली सगळी नावं एकदम उचलून टाकली होती. आई पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

बराच वेळ ग्रुपवर ताई काहीतरी लिहितेय असं दिसत राहिलं, आणि आलं काहीच नाही. दादा ग्रुप सोडून गेला. भावोजींनी अंगठा दाखवला.