‘बाई गप्प बसणार असतील तर पगार कशाचा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी लिहायला बसले असते तर जरा जास्तच बोलून गेले असते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गो. ब. देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकावर माझ्या नववीच्या मुलांनी केलेल्या चर्चेबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मुलांना गोल करून बसवलं आणि बडबड करू दिली म्हणजे शिकवणं होत नाही, नववीच्या पोरांना देवल काय कळणार, हे सगळं अमेरिकेतलं फॅड आहे, बोलतात ती तीन-चार हुशार मुलंच आणि बाकीची माना डोलावतात, पोर्शनचं काय, बोर्डात चर्चेला मार्क नसतात. आणि शेवटी, ‘बाई नुसत्या गप्प बसणार असतील तर पगार कशाचा घेतात? फोटो टाकण्याचा?’

आधी भाषेबद्दल बोलते. तुम्ही स्वतःच खाली लिहिलंय की तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात. म्हणजे तुमच्या हाताखाली माझ्यासारख्या कितीतरी शिक्षिकांनी काम केलं असणार. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तुम्ही त्यांचा पगार असाच काढत होतात का? मतभेद मला चालतात, त्याच लेखाखाली दोन-तीन जणांनी चांगलं ठणकावून विरोधात लिहिलंय आणि मी त्यांचे आभार मानलेत. पण ज्या माणसाने माझा एकही तास बघितलेला नाही त्याने माझ्या पगारावर यावं हे मला लागलं, आणि ते लागलं हे लपवायची मला गरज वाटत नाही.

एक गोष्ट मान्य करते. वर्गाचा पट किती आहे ते मी लेखात लिहिलं नव्हतं, आणि फोटोत सतरंजीवर बसलेली पंधरा-सोळा मुलंच दिसतायत त्यामुळे कुणालाही वाटेल की निवडक मुलं घेऊन केलेला हा प्रकार आहे. पट साठच्या वर आहे. बाकीची मुलं फोटोच्या बाहेर, मागच्या कड्यात बसली होती. हे सांगायला हवं होतं, सांगितलं. पुढे जाऊ.

आता ते गप्प बसणं.

सर, तासाला गप्प बसण्याआधी मी काय करते ते ऐका. नाटक परत वाचते, दर वर्षी, आणि कुठे मुलं अडतील तिथे खुणा करते. देवल १९१६ साली गेले, नाटक कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे हवे ते प्रवेश बिनधास्त झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या हातात देता येतात, प्रत हातात नसेल तर चर्चा करायचीच नाही हा माझा पहिला नियम. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून आणायचा, असा प्रश्न की ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. साठ-पासष्ट चिठ्ठ्या घरी नेऊन रात्री वाचते. त्यातले माहितीचे प्रश्न वेगळे काढते, म्हणजे गोत्र म्हणजे काय, सप्तपदी कधी होते, हुंडा द्यायच्या ऐवजी मुलीचा बाप पैसे घेतो ते कसं काय. याची उत्तरं मी स्वतः फळ्यावर देते, सरळ, चर्चा न करता. उरतात ते खरे प्रश्न, त्यातून पाच-सहा निवडते आणि ज्याची चिठ्ठी त्याच्याकडेच परत देते.

मग हॉलमध्ये सतरंजी. वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले आहेत, ते हलत नाहीत. आतल्या कड्यात पंधरा, बाहेर बाकीचे, बाहेरच्या तिघा-चौघांनी मिळून आतल्या एकाकडे लक्ष ठेवायचं, तो काय बोलला, कुठली ओळ दाखवली ते वहीत लिहायचं, आणि वीस मिनिटांनी आतले बाहेर. बोलताना एकच अट, ओळ दाखव. ‘मला असं वाटतं’ चालेल, पण पान कुठलं? मी बाहेरच्या कड्यात बसते. मांडीवर वही, वहीत एक वर्तुळ, वर्तुळावर सगळ्यांची नावं, आणि कोण कुणाला उत्तर देतंय त्याच्या रेघा मारत जाते. सगळ्या रेघा माझ्याकडे यायला लागल्या की समजायचं, चर्चा मेली, तोंडी परीक्षा सुरू झाली. रेघा मुलांमुलांतच गेल्या पाहिजेत. हे बघायला, मोजायला, पुढच्या वेळी कुणाला आत घ्यायचं ते ठरवायला माझा सगळा तास जातो.

आणि न बोलणं किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, तुम्ही वर्गात उभे राहिलेले आहात. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण सेकंदभरसुद्धा थांबत नाहीत, लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, आणि जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. तीन सेकंद! करून बघा एकदा. घशाशी उत्तर आलेलं असतं, पोरं तोंडाकडे बघत असतात, आणि आपण वहीत मान घालून बसायचं.

त्या दिवशी काय झालं ते लेखात घाईत लिहिलं होतं, आता नीट सांगते, कारण तुम्ही विचारलंय ना की नववीच्या पोरांना देवल काय कळणार.

सुरुवातीला पोरं हसली. ‘म्हातारा इतुका न’ हे पद कुणीतरी चालीवर म्हटलं, पंचाहत्तरीच्या भुजंगनाथावरून दंगा झाला, मी होऊ दिला. मग चिठ्ठी ज्या मुलीकडे होती तिने ती वाचली. तिचा प्रश्न असा होता: शारदेचं लग्न मोडलं ते तिला नको होतं म्हणून, की गोत्र एकच निघालं म्हणून?

ज्यांना नाटक आठवत नसेल त्यांच्यासाठी, कांचनभट पैशासाठी पोरीला भुजंगनाथाला द्यायला निघालेला असतो, आणि कोदंड ते लग्न थांबवतो ते वर आणि वधू सगोत्र आहेत हे पुढे आणून. एवढी वर्षं मी हे नाटक शिकवतेय आणि हा प्रश्न या शब्दांत मी कधी विचारलेला नव्हता.

एक मुलगा म्हणाला, मोडलं ना, मग कारण कशाला बघायचं? दुसरी म्हणाली, आणि गोत्र वेगळं असतं तर? मग कुणीच काही बोलेना. माझ्या जिभेवर आलं होतं, मी बोलले नाही. आणि बाहेरच्या कड्यातून, जिथून बोलायची परवानगीच नव्हती तिथून, एक मुलगी बोलली जी वर्षभर हजेरीशिवाय काही बोललेली नाही. ती म्हणाली, आमच्या तिकडं पण एक लग्न मोडलं, १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, कुणीतरी फोन केला म्हणून, वय भरत नव्हतं. सगळे म्हणाले वय कमी होतं म्हणून मोडलं. तिला नको होतं असं अजून कोणच म्हणलं नाही. अठरा झाली की तेच स्थळ परत आणतील.

सर, हे बडबड आहे का?

आणि मुलं तिथेच थांबली असती तर तुम्ही म्हणाला असतात की साहित्य सोडून गप्पा सुरू झाल्या. नाही थांबली. ती परत पानांवर गेली. एकाने दाखवलं की लग्न मोडल्यावर तर शारदा नदीवर जीव द्यायला जाते, म्हणजे सुटली कुठे ती? पुढे तिचं कोदंडशी लग्न होतं ते पण शंकराचार्यांनी मान्यता दिल्यावर. एक मुलगी तावातावाने म्हणाली की म्हणजे शेवटपर्यंत तिला कुणी विचारतच नाही. त्यावर समोरच्या मुलाने देवलांची बाजू घेतली, की त्या काळच्या लोकांना ‘तिला नको आहे’ एवढं सांगून पटलं असतं का, शास्त्र सांगतं म्हटल्यावरच ते ऐकणार. तेव्हा मी बोलले. तेव्हाच, कारण आता त्यांना माहिती हवी होती. मी सांगितलं की नाटक रंगभूमीवर आलं १८९९ साली, त्याच्या आठच वर्षं आधी १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती धरण्याचं वय, दहावरून बारा करण्याचा, फक्त बारा, आणि तेवढ्यावरूनसुद्धा पुण्यात केवढं रान उठलं होतं, खुद्द टिळक विरोधात होते. त्या प्रेक्षकांपुढे देवल हे नाटक मांडतायत. दोन मिनिटं बोलले आणि परत वहीत मान घातली. त्या मुलाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही, आपण जे नुसतं पानावरून ओळखलं त्याला इतिहासाने दुजोरा दिला म्हणून.

हे सगळं मी व्याख्यानात सांगू शकले असते का? सांगितलंय की! ‘जरठ-कुमारी विवाहावर देवलांनी प्रहार केला’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी बॅचेसना लिहून दिलंय. मुलं ते उतरवून घेतात आणि विसरतात.

आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी एसटी कंडक्टरची मुलगी, घरात पंचांग आणि आरत्यांचं पुस्तक सोडून दुसरं छापील काही नव्हतं. बी.ए.ला आम्हाला हेच नाटक होतं. आमचे प्राध्यापक तासाला यायचे, नोट्सची पिवळी पडलेली वही उघडायचे आणि डिक्टेशन द्यायचे, कथानक, पात्रचित्रण, पदांचं सौंदर्य, समाजसुधारणेचा दृष्टिकोन, पाच-पाच मुद्दे. कुणी हात वर केला तर म्हणायचे परीक्षेला येणार नाही ते. मी ते मुद्दे पाठ केले, पेपरात उतरवले, वर्गात माझे मार्क सगळ्यात जास्त आले, आणि नाटकाचं पुस्तक मी हातातसुद्धा घेतलेलं नव्हतं. नोकरी लागल्यावर शिकवायची वेळ आली म्हणून पहिल्यांदा वाचलं, एका रात्रीत, आणि मला अक्षरशः राग आला की हे माझ्यापासून लांब ठेवलं कुणी. ते प्राध्यापक पूर्ण तास बोलायचे सर, एक मिनिट गप्प बसायचे नाहीत. तुमच्या हिशोबाने त्यांचा पगार हक्काचा आणि माझा फुकटचा.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

तीन-चार मुलंच बोलतात, याचं उत्तर मूळ लेखात आहे, बाहेरच्या कड्याचा परिच्छेद वाचा, परत लिहीत बसत नाही. पोर्शन पूर्ण होतो, दर वर्षी होतो. मार्कांचं म्हणाल तर दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारतात हे तुम्हाला माहीत असेलच, आणि त्या स्वमताची तयार उत्तरं गाईडमध्ये छापून येतात आणि मुलं दुसऱ्याचं स्वमत पाठ करून लिहितात हे पण माहीत असेल. त्याबद्दल तुम्ही कधी कुठे प्रतिक्रिया लिहिली असेल तर मला दाखवा, मी वाचेन.

आणि अमेरिकेचं फॅड. हो, न्यू हॅम्पशायरच्या फिलिप्स एक्सेटर शाळेला १९३० साली एडवर्ड हार्कनेस नावाच्या श्रीमंत माणसाने देणगी दिली, तेव्हापासून तिथे लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलं बसून असं शिकतात, ही पद्धत त्याच्या नावाने ओळखतात आणि त्यातून मी बरंच घेतलंय, लपवलेलं नाही. आमच्याकडे टेबल नाही आणि मुलं पाचपट, म्हणून सतरंजी आणि दोन कडी. पण मुलांना काय कळतं असं पुण्यात बसून विचारायच्या आधी मुक्ता साळवेचं नाव आठवा. फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी, मातंग समाजातली, १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दल, आणि त्यात तिने धर्मालाच प्रश्न विचारलेत. शाळकरी मुलगी होती ती. तिच्या शिक्षकांनी तिला तू लहान आहेस, तुझं मत कोण विचारतंय असं म्हटलं असतं तर तो निबंध आज आपल्यापर्यंत पोचला नसता.

पुढच्या महिन्यात मुलं तोच निबंध वाचणार आहेत, झेरॉक्स देऊन झाल्यात, चिठ्ठ्या सोमवारी येतील. तुम्हाला यायचं असेल तर या, बाहेरच्या कड्यात माझ्या शेजारी जागा आहे, अट एकच, तासभर बोलायचं नाही. तुमची प्रतिक्रिया मी डिलीट करत नाहीये, राहू दे. पण तिथे खाली एकाला उत्तर देताना तुम्ही फोटोतल्या मुलींना ‘बोलबच्चन पोरी’ म्हणालात ते मात्र आज काढून टाकलंय, आणि परत लिहिलंत तर परत काढीन.