टबातली गांडुळं आणि खिचडी

'गांडूळ हा ______चा मित्र आहे.' रिकामी जागा भरा, गुण 1. गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या सगळ्या पोरांनी बरोबर लिहिलं. त्याच पावसाळ्यात शाळेच्या पायरीवर गांडूळ आलं, तर चौघांनी त्याच्यावर मीठ टाकून 'कसं वळवळतं' ते बघितलं. मित्राला!

म्हणून यंदा वर्गातच टब मांडला. फुटका टब, तळाला विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग जुनं शेण नि पालापाचोळा, वरून ओलं गोणपाट. गांडुळं एका पालकांनी दिली. खतासाठी लागतात ती तांबडी, आयसेनिया फेटिडा. वरच्या थरातच राहून कुजकं खाणारी. (दुसऱ्या दिवशी एक आजोबा तरातरा आले. शाळेत मांडूळ पाळलंय असं त्यांच्या कानावर गेलं होतं. टब दाखवला तेव्हा कुठे शांत झाले.)

आठवड्याभरात सगळा खेळ आटोपला. कुणीतरी मायेनं उरलेली खिचडी आत ओतली होती. सकाळी वर्ग उघडला तर आंबूस वास, टबाच्या काठावर चढलेली, फरशीवर सुकून चिकटलेली गांडुळं. पोरं गप्प. मग पायरीवर मीठ टाकणाऱ्यांपैकीच एक म्हणाला, "बाई, खिचडीत मीठ असतं ना?"

आता याला किती गुण द्यायचे, सांगा.

गंमत म्हणजे कागदोपत्री आमचा उपक्रम तेव्हा यशस्वी झालेला होता! ग्रुपवर 'संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा' आलं होतं, पहिल्याच दिवशी पाठवले, अंगठे आले, विषय संपला. मेलेल्या गांडुळांचा फोटो कुणी मागितला नाही. माझा राग त्या फोटोवर आहे. खत व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि शिकायचं सगळं त्या दोन महिन्यांत असतं.

टब पुन्हा भरला. या वेळी पोरांनीच पाटी लावली : मीठ, तेल, लिंबू, लोणचं बंद. एका दुपारी गांडूळ कोरड्या कागदावर ठेवलं आणि एकेकीनं कान लावला. खर्र, खर्र. अंगाला हात लावला तर गुळगुळीत, पण पोटाखाली बारीक राठ केस असतात, त्यांचा तो आवाज. त्वचेतून श्वास घेतात, म्हणून लगेच ओल्या मातीत परत. डार्विनची गोष्टही सांगितली : गांडुळांना पियानो ऐकू येत नव्हता, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की ती बिळात पळायची. 1881 साली त्यानं गांडुळांवर आख्खं पुस्तक काढलं. तेव्हापासून टबाजवळ बाक सरकवला की ओरडा बसतो. मलासुद्धा.

खत चाळून झालं, शाळेतल्या कढीपत्त्याला घातलं. आता मे महिन्याच्या सुट्टीत टब कुणाच्या घरी जाणार यावरून भांडण चालू आहे. खिचडी ओतणारा सगळ्यांत पुढे आहे.