पणजोबांची कबर शोधायला निघालात? वा!

पणजोबांची कबर शोधायची हुक्की तुम्हालाही आली असेल, तर आधी अभिनंदन. माणसाला छंद हवाच. मीही गेल्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून नगर जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी जाऊन आलो. (अहिल्यानगर म्हणायचं आता, ठाऊक आहे. पण पणजोबा वारले ते नगर जिल्ह्यातच.) हाताशी माहिती होती ती एवढीच: साल 1918, मानमोडीची साथ, दिवाळीच्या आधी, आणि 'मिशनच्या जागेत मूठमाती दिली'. परत आलो तो धुळीचा खोकला, न वापरलेले कोर्ट फी स्टॅम्प आणि पेव्हर ब्लॉकचे सतरा फोटो घेऊन. एवढ्या अनुभवावर सल्ले द्यायला हरकत नसावी.

पहिला सल्ला: पूर्वज नीट निवडा. शक्यतो साहेब निवडा. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातले सरकारी पाद्री बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदींची नक्कल काढत, आणि ती बोटीनं लंडनला जाई. ती तिथं आजही सुखरूप आहे. घरबसल्या पैसे भरा आणि बघा. दुसऱ्या महायुद्धातला कुणी सोजीर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत असेल तर पैसेही नकोत. नाव टाका, कोणता प्लॉट, कोणती रांग, कितवी कबर, सगळं समोर येतं. हिरवळ कापलेली, दगड धुतलेला. तुमचे पणजोबा मात्र अमेरिकन मिशनचे, त्यातून 'नेटिव्ह'. त्यांची नक्कल कुणी कुठं पाठवायची? नगरची अमेरिकन मराठी मिशन 1831 पासूनची, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांची मंडळी. पण लंडनची पेटी आपल्यासाठी नव्हती.

मग तालुक्याला जा आणि कोतवाल बुक मागा. पूर्वी गावातला जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा आणि तो त्या वहीत चढायचा. हाच गाव नमुना 14. 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून या वह्यांना सोन्याचा भाव आलाय. वह्या बांधलेल्या ज्या रुमालाची गाठ वर्षानुवर्षं कुणी सोडली नव्हती, त्याभोवती आता गर्दी. त्यामुळे तुम्ही खिडकीशी पोचताच पलीकडून प्रश्न येणार: "कुणबी का?"

"नाही, ख्रिस्ती."

"मग नोंद कशाला पाहिजे?"

"पणजोबा कधी वारले ते बघायचंय."

"त्याचा उपयोग काय?"

या प्रश्नाचं उत्तर घरून तयार करून न्या. माझ्याकडे नव्हतं. प्रमाणपत्र नाही, जमीन नाही, वारसाचा दावा नाही, कोर्टाची तारीखही नाही. नुसतंच बघायचं म्हणणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर कुठल्या तरी चॅनेलचा. कुणबी नोंदीची पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. छान झालं. उरलेल्या पानांवर जे मेले, त्यांनी मरताना दूरदृष्टी दाखवली नाही, एवढंच म्हणायचं.

समजा पान मिळालंच. त्यावर तारीख असेल, नाव असेल, जात असेल, वय अंदाजे असेल, आणि मरणाचं कारण 'ताप' असेल. त्या काळी माणसं तापानंच मरत. पटकी, देवी किंवा प्लेग नसेल तर तापच. पुरलं कुठं, हे मात्र तिथं सापडायचं नाही. तो रकानाच नाही. ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळली. तुम्हाला फुकटात सांगतोय.

मोडी येत नसेल तर शिका.

नावाचंही बघा. सरकारी वहीत जो धोंडी असतो तो मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वहीत शांतवन असतो, आणि दोघांची ओळख करून देणारा कागद उंदरानं खाल्लेला असतो. आडनाव तर सोडाच. 'अमुक बिन तमुक' एवढ्यावर त्या काळी माणूस ओळखला जायचा. शोधायला दोन्ही नावं, बापाचं नाव आणि गाव एवढं तरी हातात ठेवा. नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या तरी धोंडीला तुम्ही हार घालून याल.

वर्तमानपत्रांचं म्हणाल तर आमच्या लोकांचं आहे की! 'ज्ञानोदय', 1842 साली नगरलाच निघालेलं. त्यात आपल्या माणसांच्या मृत्यूच्या वार्ता येत. जुने बांधीव खंड मिळवा, मास्क लावा, पान उलटताना श्वास धरा, कारण कडा बिस्किटासारख्या तुटतात. मृत्यूवार्तांची सूची मला तरी मिळाली नाही, तेव्हा साल ठाऊक असेल तरच भानगडीत पडा. आणि 1918 च्या हिवाळ्यात शोधत असाल तर बाडबिस्तरा घेऊनच जा. देशभरात कोटीहून अधिक माणसं त्या साथीत गेली. लिहिणारे आजारी, छापणारे आजारी. एखादा शिक्षक किंवा उपदेशक असला तर चार ओळी मिळतात: गृहस्थ सालस होते, प्रार्थनेत नियमित होते, प्रभूमध्ये निजले. निजले कुठं, ते नाही. त्या वेळी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊकच होतं ना! आमचे पणजोबा शिक्षकही नव्हते. मोटेवर होते.

फोटो काढायला परवानगी नसते. का, ते विचारू नका.

आता मंडळीचं दफन रजिस्टर. हेच खरं हत्यार. यात मेल्याची तारीख, पुरल्याची तारीख, वय, विधी कुणी चालवला, सगळं असतं. ते असतं पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेब म्हणतात सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणतात आधीच्या सेक्रेटरींच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. आधीचे सेक्रेटरी स्वतःच आता त्या रजिस्टरात. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला, कपाट उघडलं. आत 1957 नंतरच्या वह्या नीट पुठ्ठा घालून ठेवलेल्या. आधीच्या? "त्या फार जुन्या होत्या, वाळवी लागत होती, म्हणून पावसाळ्याआधी काढून टाकल्या." जुन्या होत्या म्हणून! म्हणजे ज्यासाठी शोधायच्या, त्याच कारणानं टाकायच्या. मी चहा संपवला.

तर मग शेवटी कबरस्तान. म्हटलं, कागद नाही तर दगड तरी बोलेल. जुन्या काळ्या दगडावर अक्षरं वाचायची तर भर दुपारी जाऊ नका, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा. नाहीतर बाजूनं टॉर्च धरा, अक्षर उठून येतं. साध्या पाण्यानं ओला करा, खरवडू नका. एवढं सगळं वाचून, शिकून, बाटलीभर पाणी आणि टॉर्च घेऊन मी गेलो. फाटकावर कमान. कमानीवर सुशोभीकरणासाठी निधी देणाऱ्यांचं नाव, त्यांच्या साहेबांचं नाव, साहेबांच्या साहेबांचं नाव, आणि सगळ्यांचे हसरे फोटो. इतकी मोठी अक्षरं त्या अख्ख्या आवारात एकाही मेलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली नाहीत. आत हायमास्ट दिवा. बसायला सिमेंटची बाकं, प्रत्येक बाकावर सौजन्य. आणि फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, जिथं जुन्या कबरी होत्या तिथं, पेव्हर ब्लॉक. लाल, पिवळा, लाल, पिवळा. मी राखणदाराला विचारलं, इथले दगड कुठं गेले? तो म्हणाला, "काही खालीच हायेत, काही पायरीला लावले." पायरीला! मी जाऊन पाहिलं. पाणी पडतं तिथं, हातपाय धुवायच्या नळाशी, एक काळा दगड पालथा घातलाय. कडेला नक्षीची रेघ दिसते. खाली कुणाचं नाव आहे, कुणाची आई आहे, कुणाचं तीन वर्षांचं पोर आहे, देव जाणे. वर लोक चपला धुतात. उलटून बघू का म्हटलं, तर सिमेंटात बसवलाय म्हणाला, "पक्का."

आणि हे काही बाहेरून कुणी येऊन केलेलं नाही. ठराव आपल्याच पंचांच्या बैठकीत झाला. टाळ्या आपणच वाजवल्या. नारळ फुटला तेव्हा प्रार्थना आपल्याच माणसानं केली. उरलेल्या कबरींना दर ईस्टरच्या आधी चुना, नाहीतर ऑइलपेंट फासतो तेही आपणच. आधी साफसफाई, मग पहाटेची उपासना. इतक्या वर्षांच्या थरांखाली कोरलेली अक्षरं बुजली, तर म्हणायचं, आता वाचताच येत नाही, काय उपयोग दगडाचा?

कारकुनाला मी शिव्या घातल्या, पण त्यानं निदान रुमाल सोडून दाखवला. वही टाकून देणारे आपण. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, तुम्हीही काही वेगळे नाही. तुम्ही हिंदू असाल तर म्हणाल, आमच्यात जाळतात, आमचा काय संबंध. घरातली तान्ही पोरं कुठं पुरली, विचारलंय कधी? लिंगायत असाल, गोसावी असाल, महानुभाव असाल, तर आजोबांच्या आजोबांची जागा दाखवता येईल? सातबारा मात्र सगळ्यांचा तोंडपाठ. गट नंबर, पोटहिस्सा, विहिरीतला वाटा, बांधावरची बाभूळ कुणाची, सगळं. त्याच शिवारात माणूस कुठं पुरला, ते म्हणे कुणाला ठाऊक नाही.

माझंही ऐका. चार दिवस दप्तरं धुंडाळून परतीच्या एसटीत बसल्यावर मला आत्याची आठवण झाली. वय 87, औरंगाबादला (हो, तेही नाव बदललंय) मुलाकडे असते. फोन केला. म्हणाली, "अरे, आबा दर ईस्टरला न्यायचे ना मला. विहिरीकडून आत गेलं की चिंचेखाली, डाव्या हाताला दुसरी. दगड नव्हता, नुसती विटांची कड होती. मला वाटलं तुला माहीतच असंल." पंचावन्न वर्षांचा घोडा मी. दर दिवाळीला, नाताळाला तिच्याकडे जेवतो. एकदा विचारलं नाही. चिंच तोडली, विहीर बुजवली, आणि त्या दोन्हींच्या जागी आता ते लाल-पिवळं आहे. डावा हात कुठून धरायचा?

म्हणून हा लेख इथंच ठेवा. तुमच्याही घरात कुणीतरी ऐंशीच्या पुढचं आहे. कागद-पेन घ्या आणि फोन लावा. चार वाजल्यानंतर लावा, त्याआधी ती झोपलेली असतात.