कुळथाच्या पिठातला अमीर

आमच्या घराचं परराष्ट्र धोरण ठरतं रियाध, दोहा आणि अबुधाबीत, पण अंमलबजावणी होते गुहागर तालुक्यात, आमच्या माजघरात, आणि ती करावी लागते मला. कारण दादा दोह्याला, ताई दुबईला, आणि मी शेंडेफळ, म्हणून आई, काका, कलमं आणि एक हुकवाला वजनकाटा सांभाळत गावात. तिकडे कुठल्या शेखाचं कुणाशी बिनसलं की इकडे माझी चिकटपट्टी संपते.

गावात राहणाऱ्या भावाचं खरं काम शेती नसतं, पार्सल असतं. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, तळलेले गरे, मेतकूट, सांडगी मिरच्या, आंबोशी. त्यात दिवाळीला अनारसे. आता अनारशाला खसखस लागते आणि आखातात खसखस म्हणजे अमली पदार्थ, सापडली तर सरळ आत. हे आईला पटवण्यात माझी काही वर्षं गेली, कारण तिच्या मते खसखशीला नाही म्हणणारा देश मुळात सुसंस्कृतच नाही. शेवटी ती बिनखसखशीचे अनारसे करायला लागली, पण प्रत्येक घाण्याला तिकडच्या राजेलोकांचा उद्धार होतो तो होतोच.

पूर्वी हे सगळं सोपं होतं. दुबईला जाणारं माणूस आमच्याकडे कायम मिळतं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे, चाचांना नुसतं विचारायचं, "कोण चाललंय का हो?" की चाचा दोन नावं सांगणार. एकच मोठी बॅग दुबईला जायची, ताई स्वतःचं काढून घ्यायची (आणि दादाच्या गऱ्यांतले थोडे), आणि भावोजी ऑफिसच्या कामाला दोह्याला जायचे तेव्हा उरलेलं पोचवायचे. दुबई ते दोहा विमानाने जेमतेम तासाभराचं अंतर. आम्हाला चिपळूण स्टेशनला जायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि मग 5 जून 2017 उजाडला. मी पावसाच्या आधी कौलं परतायला छपरावर होतो, आईने खालून हाक मारली, "अरे खाली ये, दादाच्या देशाला वाळीत टाकलंय!" सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्त चौघांनी मिळून कतारशी संबंध तोडलेले. विमानं बंद, समुद्र बंद, आणि कतारला जमिनीची सरहद्द एकच, सौदीची, तीही बंद.

आमच्या गावाला आखाताचं राजकारण कळत नाही असं टीव्हीवाल्यांना वाटत असेल, पण हे आम्हाला दहा मिनिटांत कळलं. चुलत्यांनी मिळून एका घराची पाणंद बंद केली. बास. आमच्याकडे हे दर दोन घरांआड चालू असतं, वहिवाटीच्या वाटेवर कुणीतरी चिरे रचून ठेवतं आणि मग प्रकरण आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्काने जातं. पुढे कतारला 13 मागण्यांची यादी मिळाली आणि वर 10 दिवसांची मुदत, तुमचं अल जझीरा चॅनेल बंद करा, तुर्कस्तानचा लष्करी तळ बंद करा, इराणशी संबंध कमी करा, तेव्हा आमच्या वाडीतले तालुका कोर्टाचे जुनेजाणते म्हणाले, "तेरा मुद्दे म्हणजे वकील बरा नाय. नोटीस आटोपशीर हवी."

दादाचा पहिला फोन दुधाचा. कतारचं बरंचसं खाणंपिणं सौदीतून ट्रकने यायचं, त्यामुळे बातमी आली त्याच दिवशी दुकानांत झुंबड उडाली आणि वहिनीला दूध मिळालं नाही. आई इतकी कासावीस झाली की म्हणाली दुधाची पावडर पाठव. मी म्हटलं अगं आई, जगातला सगळ्यात श्रीमंत देश आहे तो, ते काहीतरी करतील. आणि केलंच की! थोड्याच दिवसांत तुर्कस्तानचं दूध आलं, आणि जुलैत त्यांनी चक्क विमानातून गायी आणल्या, काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन, मूळच्या जर्मनीतल्या. आईने ही बातमी ऐकून फक्त एवढंच विचारलं की गाय विमानात बसते आणि आपला आंबा कसा नाही बसत. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांगली बातमी अशी की न्हावाशेवाहून थेट दोह्याच्या हमद बंदराला जहाजं सुरू झाली, नाहीतर आधी माल दुबईच्या जबल अलीवरून फिरून जायचा. म्हणजे रायगड जिल्ह्याचा कतारशी थेट संबंध जुळला पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरातल्या भावाबहिणीचा तुटला.

तुटला म्हणजे अक्षरशः. अमिरातीने जाहीर केलं की कतारबद्दल सहानुभूती दाखवणं हा गुन्हा, सोशल मीडियावरसुद्धा. 3 ते 15 वर्षं कैद आणि वर किमान 5 लाख दिरहम दंड, म्हणजे आपल्या पाऊण कोटीच्या वर. आता आमच्या फॅमिली ग्रुपवर काय व्हावं? दादाने लिहिलं, आज पण दूध नाही मिळालं. ताईने लिहिलं, "अरेरे". आणि दोन मिनिटांत डिलीट केलं. मग मला वेगळा मेसेज, की अरेरे म्हणजे सहानुभूती होते का रे? मी काय इंटरनॅशनल कोर्टात बसतो? भावोजी मुळातच घाबरट, त्यांनी तिला ग्रुपमधूनच बाहेर काढलं. मग पुढे काही महिने मी मध्यस्थ. दादाला ताप आला की मी ताईला लिहायचं, "पश्चिमेकडच्या माणसाला बरं नाही." ताई उत्तर द्यायची, "हवामान सगळीकडेच खराब आहे." आईला ही भाषा इतकी आवडली की ती शेजारणीबद्दलही तशीच बोलायला लागली.

आपल्या सरकारचं धोरण काय, तर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमाबाई स्वराज पहिल्याच दिवशी म्हणाल्या की हा त्यांचा आपापसातला मामला, आम्हाला काळजी तिथल्या भारतीयांची. तेव्हा टीव्हीवर काही लोक हे मिळमिळीत आहे म्हणून नाकं मुरडत होते, पण मी सांगतो, ज्याचा भाऊ एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या बाजूला नोकरीला आहे त्याला विचारा. कतारात तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास भारतीय आणि अमिरातीत त्याच्या कितीतरी पट. एका बाजूने बोललो असतो तर निम्मं कोकण सामान घेऊन परत आलं असतं, आणि त्या सगळ्यांना स्टेशनवरून आणायला रिक्षा कुणी सांगायची? मीच.

काकाला मात्र परराष्ट्र धोरणातलं सगळं कळतं. त्याचं कारण 1990. काका कुवेतला होता, 2 ऑगस्टला सद्दामचं सैन्य घुसलं, आणि काका एका बॅगेनिशी बगदादमार्गे बसने अम्मानला, तिथून एअर इंडियाने मुंबईला. तेव्हा 1 लाख 70 हजारांच्या वर भारतीय आणले आपण. त्याआधी परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले होते, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला आणि गुजरालांवर टीका झाली ती झालीच. काका आजही तो विषय निघाला की पेटतो. "त्यांनी मिठी मारली नसती तर हा तुमचा काका वाळूत असता!" तेव्हापासून काकाचा सिद्धांत एकच, जाहीरनामा वाचायचा नाही, फोटो बघायचा. मिठी असेल तर विमान सुटतं. नुसतं हस्तांदोलन असेल तर बॅग भरू नये. मोदींच्या परदेश दौऱ्यांचं विश्लेषणही तो याच एका निकषावर करतो आणि सांगायला हरकत नाही, चॅनेलवाल्यांपेक्षा फार वाईट करत नाही.

तर काकाचं सगळं लक्ष कुवेतच्या अमिराकडे, म्हणजे तिथल्या राजाकडे. शेख सबाह, वय 87, चाळीसएक वर्षं परराष्ट्रमंत्री राहिलेला माणूस, आणि भांडण लागल्याच्या दुसऱ्या दिवशी रमजानच्या उपासात जेद्दाला, मग दुबई, मग दोहा. आई म्हणाली बघा म्हातारा किती फिरतोय, आणि तुम्ही साधं त्या बांधाच्या भांडणात पंचांकडे जात नाही. काका गप्प. (बांध अजून तसाच आहे.)

कतारने त्याच ऑगस्टमध्ये 80 देशांच्या लोकांना व्हिसा माफ करून टाकला, त्यात आपण. आईने ही बातमी लक्षात ठेवली आणि पुढच्या वर्षी थंडीत जाहीर केलं की मी दादाकडे जाणार आणि तिथून ताईकडे. सोबत मी. मुंबईहून दोहा थेट गेलो, तिथे मजेत राहिलो, मासे आमच्यासारखे नाहीत हे आईने रोज सांगितलं. पण दोहा ते दुबई? मधे मस्कत. ओमानने या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नव्हती, म्हणून सगळ्या फुटक्या नशिबाचे प्रवासी तिथून फिरून जायचे. एका तासाच्या जागी अख्खा दिवस, दोन विमानं आणि मधे आई मस्कतच्या विमानतळावर वाती वळत बसलेली.

तिथे ताईचा फोन आला. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा कॉल तिकडे चालत नाही, वेगळं ॲप, त्यात आवाज विहिरीतून येतो. "दादाकडून काय काय आणलंयस?" मी म्हटलं खजूर, चॉकलेट, आणि आईने एक कप आणलाय.

"कसला कप?"

आता तो कप. नाकेबंदी सुरू झाली तेव्हा कतारात तिथल्या तरुण अमिराचं, शेख तमीमचं, काळ्या-पांढऱ्या रंगातलं एक रेखाचित्र निघालं, ते इमारतींवर, गाड्यांवर, टीशर्टांवर, सगळीकडे. दादाच्या ऑफिसात तसे कप वाटले होते. आईला तो चेहरा आवडला, तिने साडीत गुंडाळून ताईसाठी घेतला. भेट म्हणून. दुबईला!

फोनवर एकदम शांतता. मग ताई म्हणाली, आणि मला वाटतं तिथे तिच्या आवाजाला कापरं भरलं होतं, "पंधरा वर्षं. पाच लाख. दादाचा पगार सांगू का तुला?" मी आईला म्हटलं टाकून देऊ. आई म्हणाली, "चांगला कप आहे. राजाला कचऱ्यात टाकतात होय?" अर्धा तास वाटाघाटी. शेवटी आईनेच तोडगा काढला. हँडबॅगेत कुळथाच्या पिठाची मोठी पिशवी होती, दादाकडे जास्तीचं झालेलं, ताईला देण्यासाठी. अमीर तिच्यात गेला. मस्कतच्या प्रसाधनगृहात एक प्रौढ माणूस पिठात कोपरापर्यंत हात घालून उभा आहे हे बघून एका मलयाळी सफाई कामगाराने न विचारता मला टिश्यू दिले. हे लोक फार समजूतदार.

दुबईला एक्सरेत अर्थातच पिशवी थांबली. तपकिरी पूड, आत काहीतरी. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने विचारलं हे काय. मी इंग्रजीत कुळीथ कसं सांगावं याचा विचार करतोय तोवर आई पुढे झाली आणि तिने मराठीत पिठीची सगळी कृती सांगितली, फोडणी, लसूण, आमसूल, वर तूप, पातळ हवी, गरम भाताबरोबर. त्याने पिशवी उघडली, वास घेतला, तीन सणसणीत शिंका दिल्या आणि हातानेच जा म्हणाला. कपाला हातसुद्धा लावला नाही. आई जाताना त्याला म्हणाली, "सर्दीला पण चांगलं असतं."

ताईने तो कप घरात आल्याआल्या कपाटात आत, चादरींच्या मागे ठेवला आणि भावोजींना सांगितलंच नाही. पुढच्या जानेवारीत, 2019 ला, आशियाई चषकाच्या सेमीफायनलला अबुधाबीत कतारने अमिरातीला 4-0 हरवलं, मैदानात बाटल्या आणि चपला पडल्या, तेव्हा ती म्हणे रात्रभर त्या कपाटाकडे बघत होती. मग त्या उन्हाळ्यात इकडे आली तेव्हा कप परत आला. काका आता त्यात कोरा चहा घेतो.

शेख सबाह सप्टेंबर 2020 मध्ये गेले. समेट बघायला मिळाला नाही बिचाऱ्यांना, तीनेक महिन्यांनी झाला. 5 जानेवारी 2021, सौदीतल्या अल उलाच्या विमानतळावर सौदीच्या युवराजांनी कतारच्या अमिराला मिठी मारली, करोना चालू असताना, ही मोठी गोष्ट. काका टीव्हीसमोर कप घेऊन उभाच राहिला, "सुटलं! विमान सुटलं!" आणि खरंच सुटलं की. 2022 ला फुटबॉल वर्ल्डकपला तर दुबई-दोहा विमानं एसटीसारखी दिवसभर ये-जा करत होती, ताई, भावोजी आणि पोरं दादाकडे राहायला गेली, इतक्या वर्षांनी दोघं भाऊबहीण एका टेबलावर जेवली.

आणि जेवताना विषय निघाला गावच्या घराचा. दादाचं म्हणणं कौलं काढून स्लॅब टाकू, दरवर्षी कोण परतत बसणार (मी परततो, पण ते असो). ताईचं म्हणणं स्लॅब टाकलास तर मी परत त्या घरात पाऊल ठेवणार नाही. वर्ल्डकप संपायच्या आधी ताई परतली. ग्रुपमधून आता ती स्वतःहून बाहेर पडली आहे, कुठल्याही सरकारने न सांगता. काकाला मध्यस्थी करायला सांगितली तर तो म्हणतो दोघांचा फोटो पाठवा, बघून सांगतो.

त्यामुळे यंदा पुन्हा दोन पार्सलं. दादाचं ताईकडे द्यायचं नाही, ताईचं दादाकडून जायचं नाही, फणसपोळीचे तुकडेसुद्धा आईने मोजून सारखे केलेत, कुणी बोलायला नको. दुबईची बॅग चाचांच्या पुतण्याबरोबर जातेय. दोह्याची सोय अजून नाही, तर कुणी जाणारं असेल तर कळवा, साडेसहा किलो आहे, खसखस नाही, मस्कतवरून फिरून जात असाल तरी चालेल.