पुरात बुडालेला गाळा आणि भाडेकरार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले गाळे बुडाले तेव्हाच भाडेकरार संपले. मग माझा लेख व्यापाऱ्यांना नोटिसा आणि पावत्यांत का अडकवतो?

कारण करार आपोआप संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 मधलं कलम 108(ई) बघा. आग, वादळ किंवा पुराने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा ती कायमची निकामी झाली, तरच करार मोडण्याचा पर्याय भाडेकरूला मिळतो. तेही करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. चिखल उपसून, वायरिंग बदलून गाळा पुन्हा उघडता येत असेल, तर ही अट पुरी होत नाही. भिंती-छप्परच गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत, फोटो आणि लेखी नोटीस यांत एक दिवसही घालवू नका.

दुकान बंद असताना पूर्ण भाडं का, हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर वाटाघाटीत आहे. तारकर्लीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्यटनाचा धंदा बसतोच. तिथे जून ते सप्टेंबर निम्मं भाडं आणि उरलेलं हंगामात, असा प्रस्ताव मालकाला पटू शकतो. पण मूळ करार नोंदणीकृत असेल तर तो तोंडी बदलत नाही. पूरक करार करून तोही नोंदवा. मालकाचं व्हॉट्सॲपवरचं ‘बघू नंतर’ कोर्टात टिकणार नाही.

सोडायचंच ठरलं, तर सर्वांत महाग चूक म्हणजे शटर ओढून, कुलूप लावून गावी निघून जाणं. कुलूप तुमचं, म्हणजे ताबाही तुमचा, आणि भाडं चालूच. करारातल्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. ठरल्या दिवशी मालकासमोर मीटरचं रीडिंग घ्या, भिंती-फरशीचे फोटो काढा, चावी द्या आणि ताबा पावतीवर तारखेसह सही घ्या. डिपॉझिटचा हिशेब त्याच कागदावर लिहा; नंतर तो निघता निघत नाही. मालक चावी घेत नसेल, तर ती देऊ केल्याची तारीख-वेळ त्याच दिवशी लेखी कळवा.

लॉक-इन, म्हणजे करारानुसार गाळा सोडता येत नाही तो काळ, शिल्लक असला तरी उरलेलं सगळं भाडं मालकाला मिळेलच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते, आणि करारातली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून नवा भाडेकरू तुम्हीच शोधून द्या आणि त्याचं नाव मालकाला लेखी कळवा. गाळा रिकामा राहिल्याचं नुकसान मग त्याला सहजासहजी तुमच्या माथी मारता येत नाही.