माणसाचा हात न लागलेलं गाव?

सकाळपासून डोकं फिरलंय. ग्रुपवर कुणीतरी पुणे जिल्ह्यातल्या आहुपे गावाचं रील टाकलं. ड्रोन, ढग, कडा, मागे ढणढण गाणं आणि वर ओळ : 'माणसाचा हात न लागलेलं गाव'.

अरे, माणसांनी हात राखला म्हणून ते रान उरलंय!

२०१३च्या पावसाळ्यात मी तिथं गेलो होतो. आंबेगाव तालुक्याचं अगदी टोक, पलीकडे थेट मुरबाडच्या बाजूचं कोकण. भैरवनाथाच्या देवराईतून, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातून, येताना मी एक वाळकी फांदी उचलली. वाटलं, ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजीच्या चुलीला होईल. आजीनं ती हातातून घेतली. "ठेव रं तिथंच. देवाचं हाय ते." आणि स्वतः जाऊन परत ठेवून आली. भर पावसात.

मग घरी ओल्या लाकडांवर चूल धुमसत राहिली, चहाला तास लागला. आजीचे डोळे धुरानं लाल. आणि वाळकी फांदी हाकेच्या अंतरावर पडलेली.

देवाच्या भीतीनं राखलं म्हणे. असेल. पण आपण कशाच्या भीतीनं काय राखलं, सांगा ना. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात देवराया अभ्यासल्या, भीमाशंकर अभयारण्य १९८५चं. त्याच्या कितीतरी आधीपासून महादेव कोळ्यांच्या या घरांनी नाचणी-वरई पिकवत, बाळहिरडा वेचत हे रान सांभाळलंय. तुमच्या रीलमधला शेकरू त्यांच्याच जिवावर उड्या मारतोय. आणि घोड नदी तिथंच उगम पावते. तिच्यावरच्या डिंभे धरणाचं पाणी पिणाऱ्यांनी तरी गाणं जरा हळू लावावं.

पर्यटकांमुळे चार घरांत जेवणाचे पैसे येतात, मान्य. पण त्या घरांचं नाव तरी घ्या की व्हिडिओत!

पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०१४ला, माळीण डोंगराखाली गेलं. त्याच तालुक्यातलं गाव, दीडशेच्या वर माणसं. बातमी ऐकली आणि पहिली आजीच डोळ्यांसमोर आली. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी तिच्या नातवानं उचलला. ती बरी होती. हा डोंगर किती कोवळा आहे ते त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपण मात्र कड्यावर गाड्या लावून नाचतो.

जाऊ दे. चिडून लिहितोय, पण खरं तर मला तिचा हातच आठवतोय. ती फांदी नुसती टाकली नव्हती तिनं. जिथून उचलली होती तिथंच ठेवली, आणि वरून पाचोळा सारला.