अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी फोटोला हात लावला नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी जन्मभर कृष्णधवल निसर्ग टिपला, पण एकाही फोटोला नंतर हात लावला नाही. कॅमेऱ्यात आलं तेच छापलं. बाकी सगळा संयम आणि नशीब. माणसांच्या भानगडीत ते पडले नाहीत. आजची पोरं मोबाईलवर आकाश काळं करतात, ती शुद्ध फसवणूक. खाली 'अगदी खरं'च्या रांगा. हा मजकूर पुढे ढकलणारे बरेचजण माझ्याच पिढीचे आहेत, काहींनी स्टुडिओ चालवले आहेत. त्यांनी तरी असं म्हणू नये.

'हात लावला नाही' हे पहिलं विधान तर मुळापासून चुकीचं आहे. अ‍ॅडम्स यांचा सगळ्यात गाजलेला फोटो न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावाचा, १९४१ सालचा. खाली कब्रस्तानातले पांढरे क्रूस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र आणि त्यावर जवळजवळ काळं आकाश. त्याच्या निगेटिव्हचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ उलट्या छबीचा, साधा, काहीही न करता काढलेला प्रिंट पाहिला तर आकाश करडं दिसतं आणि त्यात वरपर्यंत फिकट ढगांचे पट्टे दिसतात. ते काळं झालं डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत. निगेटिव्हमधून प्रकाश पाडणाऱ्या एन्लार्जर यंत्राखाली कागद ठेवून आकाशाच्या भागाला जास्तीचा प्रकाश द्यायचा आणि तेवढा वेळ खालचा भाग पुठ्ठ्याने झाकून धरायचा. प्रकाश जास्त तितका कागद काळा. याला बर्निंग म्हणतात. उलट एखादा भाग उजळ राहावा म्हणून त्यावर सावली धरायची, ते डॉजिंग. १९४८मध्ये त्यांनी या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो अधिक ठसठशीत करून घेतला. पुढच्या वर्षांतल्या प्रिंटमध्ये आकाश आणखी गडद होत गेलेलं दिसतं. एकाच निगेटिव्हवरून त्यांनी हजाराच्या वर प्रिंट काढले आणि प्रत्येक वेळी हे काम हाताने केलं.

आपल्या स्टुडिओंतही हेच चालायचं. ब्रोमाइड कागदावर लग्नाचे फोटो छापताना नवऱ्याच्या पांढऱ्या फेट्याला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागे, नाहीतर तो नुसता कोरा डाग. नवरीच्या गालावरचा फोड निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटच केला जाई. गिऱ्हाईक त्याला फसवणूक म्हणत नव्हतं, हात चांगला आहे म्हणत होतं.

अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या वाटेवर होते. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते सांगत. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले. वहीत उतरवलेली बंदिश वाचली म्हणून कुमारांचं गाणं ऐकल्यासारखं होत नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, १९३२मधून. एडवर्ड वेस्टन, इमोजन कनिंगहॅम, अ‍ॅडम्स आणि इतर काहीजणांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात 'ग्रुप एफ ६४' नावाचा गट काढला आणि 'शुद्ध फोटोग्राफी'चा आग्रह धरला. एफ ६४ म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र, ज्यामुळे पायाजवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं. त्या काळी फोटो मुद्दाम धूसर करून चित्रासारखा दाखवायची पद्धत होती. त्यांचा विरोध त्या नकलेला होता. प्रकाश-छायेवर फोटोग्राफरने ताबा ठेवू नये, असं त्या गटाने म्हटलेलं नाही.

आता नशीब. हर्नान्डेझला गाडी थांबवली तेव्हा सूर्य मावळतीला होता आणि प्रकाश मोजायचा लाइटमीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवलं आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेणार तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं. क्षण नशिबाने आला असेल, तो पकडला हिशेबाने. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग ठरवायची ही रीत, झोन सिस्टिम, त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासोबत १९४०च्या आसपास बांधली.

'कॅमेऱ्यात आलं तेच' म्हणणाऱ्यांना माझा खरा प्रश्न फिल्टरबद्दल, म्हणजे लेन्सवर लावायच्या रंगीत काचेबद्दल आहे. एप्रिल १९२७मध्ये कॅलिफोर्नियात योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर अ‍ॅडम्स यांनी आधी पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मनातला कडा यात येणार नाही असं वाटलं, म्हणून उरलेल्या शेवटच्या प्लेटवर (फिल्मऐवजी वापरायच्या काचेवर) गडद लाल फिल्टर लावला आणि निळं आकाश काळं करून टाकलं. शटर दाबण्याआधीच! आपल्या जांबोटीच्या वाटेवर हे करून बघा. पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती आणि शेजारचा भात डोळ्याला किती वेगळे दिसतात, पण नुसता रंग काढला की दोन्ही जवळपास एकाच करड्यात बसतात. लाल फिल्टरने माती उजळते आणि भात काळवंडतो. हिरव्याने नेमकं उलट. यातला हात न लावलेला फोटो कोणता? कृष्णधवलमध्ये तसा फोटोच नसतो. मोबाईलमधली रंगांची पट्टी सरकवणारी मुलगी तेच ठरवत असते, जे अ‍ॅडम्स काचेच्या तुकड्याने ठरवत.

माणसांच्या भानगडीत न पडण्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा १९४३मध्ये अ‍ॅडम्स मॅनझानारच्या छावणीत जाऊन त्यांचे फोटो काढून आले आणि युद्ध चालू असतानाच, १९४४मध्ये, ते पुस्तकरूपाने छापले. किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून त्यांचे सिएरा पर्वतांचे फोटो सरकारदरबारी पोचले होते. उद्यान १९४०मध्ये झालं.

राहिला फसवणुकीचा शब्द, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. इथल्या एका स्पर्धेत खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा कणकुंबीजवळचा फोटो बाद झाला. पावसाआधीचे ढग तिने गडद केले होते, एवढंच. कारण म्हणून तिला हाच मजकूर पाठवला गेला. सीमा कुठेतरी असते हे मलाही मान्य आहे. बातमीच्या फोटोतून माणूस पुसला तर ते खोटंच. पण अ‍ॅडम्स यांच्या १९४४च्या लोन पाइनच्या फोटोत टेकडीवर शाळेच्या पोरांनी रंगवलेली दोन मोठी पांढरी अक्षरं होती. त्यांनी ती काढून टाकली आणि काढली असं स्वतः लिहूनही ठेवलं. माझ्या मते ती मुलगी त्यांच्याही पुष्कळ अलीकडे थांबली होती. तिने आहे तेच ढग ठेवले.

स्पर्धा घेणाऱ्यांनी नियमात दोन ओळी घालाव्यात. दुसरीकडचं आकाश आणून चिकटवलं तर फोटो बाद. आहे त्या दृश्याच्या छटा कमी-जास्त केल्या तर चालेल, फक्त मूळ फाइल सोबत द्यावी. आणि त्या मुलीचा फोटो पुन्हा मागवून परीक्षकांपुढे ठेवावा.